येतायत ना पैसे!

पुण्यात बाणेर, बावधन, पाषाण किंवा कोथरूडला एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरलात आणि समोरच्या काचेच्या दारावरच्या नावाला शेवटी ‘सोल्यूशन्स’, ‘टेक्नॉलॉजीज’ किंवा ‘इन्फोटेक’ जोडलेलं दिसलं, तर आत येतायतराव बसलेले आहेत असं समजायला हरकत नाही. पाळण्यातलं नाव वेगळं आहे. पण पैशांविषयी कोणी काहीही विचारलं तरी ते वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आले आहेत, “येतायत ना पैसे!” घरमालकाने भाड्याचं विचारलं, येतायत. इंटरनेटवाल्याने बिलाचं विचारलं, येतायत. मुलाच्या फीचं वहिनींनी विचारलं, तरी येतायत. “येतायत ते कुठल्या गाडीने?” असं वहिनींनी एकदा विचारून पाहिलं. त्यावर येतायतराव इतकं मनापासून हसले की फी शेवटी वहिनींनीच भरली.

हा माणूस खोटं बोलत नाही, एवढं त्यांच्या बाजूने आधीच सांगून ठेवतो. पैसे खरोखरच येत असतात. चाकणच्या कारखान्यातून निघालेले असतात, मुंबईच्या कंपनीत कोणाच्या तरी मंजुरीसाठी थांबलेले असतात, हडपसरच्या क्लायंटच्या ‘गुरुवारच्या पेमेंट’मध्ये बसलेले असतात. फक्त ते पोचायच्या आधी खर्च झालेले असतात.

येतायतराव इंजिनिअर. एका मोठ्या कंपनीत १५ वर्षं काढली, त्यातली ४ न्यू जर्सीत. त्या काळात ते काय शिकले नाहीत? प्रोजेक्ट वेळेवर कसा द्यायचा, भडकलेल्या क्लायंटला दोन वाक्यांत कसं गार करायचं, बेंचवर बसलेल्या पोरांना कुठे खपवायचं, सगळं शिकले. शिकायचं राहिलं ते एवढंच की महिनाअखेरीस खात्यात पडणारा पगार येतो कुठून. फायनान्सचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्याच्याशी संबंध प्रवासभत्त्याच्या पावत्या लावण्यापुरता. पौर्णिमेला चंद्र उगवावा तसा ३० तारखेला पगार उगवतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मग एक दिवस त्यांनी राजीनामा दिला, ‘आपलं काहीतरी’ सुरू केलं, आणि आपणच आता तो दुसरा मजला आहोत हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

स्वतःची कंपनी काढणाऱ्या प्रत्येक पुणेकराप्रमाणे त्यांनाही इन्फोसिसची गोष्ट तोंडपाठ आहे. १९८१ साल, पुणे, सात जण आणि सुधा मूर्तींनी दिलेले १० हजार रुपये. नव्या मुलाला कामावर घेताना, भाच्याच्या मुंजीत, इतकंच काय ट्रॅफिक पोलिसाशी हुज्जत घालतानाही ही गोष्ट त्यांनी सांगितलेली आहे. “फक्त १० हजार रुपये, कळलं का!” पण सुधाताईंनीच सांगितलेला पुढचा तपशील त्यांच्या गोष्टीत कधी येत नाही. त्यांच्याजवळ साठवलेले १०,२५० होते. त्यातले १० हजार त्यांनी दिले आणि अडीनडीला म्हणून २५० मागे ठेवले. मला विचाराल तर त्या गोष्टीतली खरी कंपनी त्या अडीचशेत आहे. येतायतरावांनी आपल्या कंपनीत सगळं भांडवल घातलं, प्रॉव्हिडंट फंड घातला, सासऱ्यांची मुदतठेव ‘तात्पुरती’ घातली. अडीचशे मात्र कोणाकडेच ठेवले नाहीत.

पहिलं मोठं बिल वसूल झालं तो दिवस कंपनीच्या इतिहासात अजून सांगितला जातो. दहा लाखांचं काम. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचं. क्लायंटने दोन टक्के टीडीएस कापला आणि खात्यात ११ लाख ६० हजार जमा झाले. येतायतरावांनी मोबाइलवरचा मेसेज दोनदा वाचला, सगळ्यांसाठी पिझ्झा मागवला आणि सीएला फोन लावला. सीए म्हणजे त्यांचा शाळेतला वर्गमित्र. फी घेतो, पण ती मागताना लाजतो, म्हणून तो टिकला आहे.

“दहा लाखांचं काम होतं, साडेअकरा लाख मिळाले!” येतायतराव म्हणाले.

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग वर्गमित्राने शांतपणे सांगायला सुरुवात केली. यातले १ लाख ८० हजार सरकारचे. ते तुझ्याकडे दोन दिवस मुक्कामाला आलेत. आता बाकीच्यातून पाच पोरांचे तीन महिन्यांचे पगार काढ. भाडं काढ. लॅपटॉपचे हप्ते काढ. जे उरेल त्यावर प्राप्तिकर काढ. “अरे बाबा, खात्यातले पैसे तुझे नसतात. ते फक्त तुझ्या खात्यातून जात असतात.”

“मग माझे किती?”

“पिझ्झा किती मागवलेस?”

सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा जीएसटी जरा जास्तच बोचतो, आणि याचं कारण येतायतरावांना अजून नीटसं पटलेलं नाही. कारखानदार कच्चा माल घेतो, त्यावर कर भरतो आणि तो आपल्या करातून वजा करून घेतो. येतायतरावांचा कच्चा माल म्हणजे माणसं. माणसांच्या पगारावर जीएसटी नसतो, त्यामुळे वजा करायला हाताशी काही नसतं. भाडं, इंटरनेट, क्लाउडचं बिल आणि वर्षाकाठी चार लॅपटॉप, एवढ्यावरचा काय तो परतावा. बाकी १८ टक्के जवळजवळ अख्खेच्या अख्खे पुढे पाठवावे लागतात. त्यातून गंमत अशी की कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. बिल फाडलं की देणं सुरू झालं. क्लायंट पैसे तीन महिन्यांनी देवो की तीन वर्षांनी देवो, सरकार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला दारात उभं.

ही २० तारीख येतायतरावांना दर महिन्याला नव्याने भेटते. “अरेच्चा, आली पण?” असं ते २० तारखेला दुपारी म्हणतात. १ तारखेला पगार, ७ ला टीडीएस, ११ ला विक्रीचं विवरणपत्र, १५ ला प्रॉव्हिडंट फंड आणि २० ला जीएसटी, हे वेळापत्रक सीएने मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. त्याच्यावर आता चहाच्या कपाचं चकतीसारखं आसन आहे. पाच कोटींच्या आतल्या उलाढालीला तिमाही विवरणपत्राची सोय आहे हे कुठूनसं कळलं, तेव्हा ते दोन दिवस हवेत होते. विवरणपत्र तिमाही म्हणजे कर पण तिमाही, असा त्यांचा हिशोब. विवरणपत्र तिमाही असलं तरी कर दर महिन्याला भरायचा असतो, हे सीएने सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. त्यांना ती सवलत घेऊ द्यायची नाही, हे सीएने त्याच दिवशी ठरवलं.

आगाऊ प्राप्तिकराचंही तेच. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च, चारही महिन्यांची १५ तारीख. १५ मार्चला १०० टक्के भरलेले हवेत. येतायतरावांना १५ मार्च हा दर वर्षी अचानक पडलेला दरोडा वाटतो.

तरी त्यांना कायद्यातलं काहीच ठाऊक नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. महाराष्ट्रात व्यवसायकर महिन्याला २०० रुपये कापतात, पण फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणजे वर्षाचे बरोबर अडीच हजार होतात, ही एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक आहे. ती त्यांनी मनावर घेतली आहे. फेब्रुवारीच्या पगाराला ते स्वतः हिशोबात डोकावतात, “३०० कापलेत ना?” असं विचारतात, आणि आर्थिक शिस्त म्हणजे काय ते कंपनीला दाखवून दिल्याच्या समाधानात उरलेलं वर्ष काढतात.

या सगळ्यात एक ३१ मार्च फारच गाजला. भिंतीवरच्या फळ्यावर त्या वर्षीच्या उलाढालीचा आकडा तीन कोटी लिहिलेला होता आणि प्रत्यक्षात तो गाठायला ४० लाख कमी पडत होते. चाकणच्या क्लायंटचं काम अर्धवट होतं, पण पुढे-मागे होणारच होतं. येतायतरावांनी रात्री आठ वाजता ४० लाखांचं बिल काढलं. आकडा गाठला. टाळ्या झाल्या. श्रीखंड आणलं. २० एप्रिलला त्या बिलाचा ७ लाख २० हजार रुपये जीएसटी भरायची वेळ आली, तेव्हा क्लायंटने ते बिल उघडूनही पाहिलेलं नव्हतं. येतायतरावांनी कर भरला नाही. “येतायत ना पैसे, आले की भरू.” थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं, हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं.

पण नियम असा की मागच्या महिन्याचा कर आणि विवरणपत्र भरल्याशिवाय पुढच्या महिन्याचं विक्रीचं विवरणपत्र पोर्टल घेतच नाही. ते गेलं नाही म्हणून एप्रिलची बिलं क्लायंटांच्या बाजूला दिसेनात. हडपसरच्या कंपनीचा हिशोबनीस वेळेवर पैसे देणारा साधा माणूस. त्याने फोन केला, “सर, तुमचं बिल आमच्या जीएसटीच्या टू-बी यादीत दिसत नाही. दिसलं की पेमेंट सोडतो.” म्हणजे चाकणचं थकलं म्हणून कर थकला, कर थकला म्हणून हडपसरचंही अडलं, आणि हडपसरचं अडलं म्हणून मेच्या पगारासाठी येतायतराव सासऱ्यांकडे गेले. श्रीखंड खाणाऱ्यांपैकी दोघांनी त्याच आठवड्यात राजीनामे दिले. शिवाय त्या ४० लाखांवरचा नफा त्याच वर्षात धरला गेल्यामुळे न मिळालेल्या पैशांवर प्राप्तिकर लागला तो वेगळाच. चाकणचे पैसे जुलैत आले. काम पूर्ण झालेलं नसल्यामुळे तेही कापून आले.

कर वाचवण्याची मात्र त्यांना भारी हौस. भरण्यात नसेल तेवढी वाचवण्यात. “गाडी कंपनीच्या नावावर घेतली की टॅक्स वाचतो,” हे वाक्य ज्याने पुण्यात पहिल्यांदा उच्चारलं त्याचा गाडीविक्रेत्यांनी पुतळा उभारायला हवा. येतायतरावांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर २० लाखांची गाडी घेतली. झेंडूच्या हारासकट ती ऑफिसखाली आली, तेव्हा सीएने कागदाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. गाडीवरचा जीएसटी परत मिळत नाही. घसारा वर्षाला १५ टक्के, म्हणजे ३ लाख. कंपनीचा कर साधारण पाव हिश्शाने धरला तर वाचले ७५ हजार. पण मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच मिळतो. दसरा त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर आला होता. तिथून ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरत नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षी वाचले ३७ हजारांच्या आसपास.

“२० लाख घालवून ३७ हजार वाचवलेस,” सीए म्हणाला. “मागच्या महिन्यात घेतली असतीस तर ७५ वाचले असते.”

“पितृपक्षात गाडी घेऊ?” येतायतरावांनी विचारलं. या मुद्द्यावर मात्र वहिनीही त्यांच्या बाजूने होत्या.

येतायतरावांच्या ऑफिसच्या खाली एक किराणा दुकान आहे. तिथे ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी आहे, आणि दुकानदार पाटीप्रमाणे वागतो. येतायतरावांच्या शिपायाला तो चहापावडरीचा पुडा उधार देत नाही. वर तिसऱ्या मजल्यावर मात्र येतायतराव हजार कोटींच्या कंपन्यांना ९० दिवसांची उधारी देत असतात. बिनव्याजी, आणि वर आभार मानून. करारात ३० दिवस लिहिलेले असतात. पण ३० दिवस कधीपासून मोजायचे, ही त्या कंपन्यांची कला. बिल दिल्यापासून नाही, बिल ‘सिस्टीमला चढल्या’पासून. चढवणारा रजेवर असतो. चढवलं की पीओचा, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा, नंबर चुकलेला निघतो. तो सुधारला की सेवेचा कोड चुकलेला निघतो, ९९८३१४ हवा होता आणि ९९८३१३ पडलाय. तोवर पीओची मुदत संपते.

वास्तविक याच माणसासाठी कायदा आहे. येतायतरावांचं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र केबिनमध्ये गणपतीच्या फोटोशेजारी चौकटीत लावलेलं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसला तर १५ दिवसांत. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. तक्रारीसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ नावाचं पोर्टल सुरू झालं. त्यावर १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही चाप बसला. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मोठ्या कंपनीला तो खर्च वजा करून मिळत नाही. अनेक कंपन्यांचे हिशोबनीस त्यानंतर मार्चमध्ये आपणहून फोन करू लागले, “तुमचं उद्यम आहे का हो?” येतायतरावांनाही असा फोन आला. “आहे, पण तसं काही नाही, तुमच्या सवडीने द्या,” असं ते म्हणाले. संबंध बिघडायला नकोत!

एकदा सीएने फार मागे लागून थकलेल्या बाकीसाठी एक पत्र लिहून दिलं. येतायतराव ते मऊ करायला बसले. आधी चक्रवाढ व्याजाचं वाक्य गेलं. मग ‘कायद्यानुसार’ गेलं. ‘थकबाकी’ हा शब्द कडक वाटला म्हणून गेला. दिवाळी जवळ आली होती. शेवटी जे पत्र गेलं त्यात ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढंच उरलं होतं. पलीकडून उलट शुभेच्छा आल्या. त्या मात्र ४५ दिवसांच्या आत आल्या.

भाव ठरवतानाही तेच मऊ काळीज आडवं येतं. ठरावीक रकमेचं काम घ्यायचं आणि मग “एक छोटंसं बटण हवंय” म्हटलं की हो म्हणायचं. छोट्या बटणामागे नवा अहवाल असतो, अहवालामागे तीन तक्ते, आणि मग मोबाइलवर पण दिसलं पाहिजे. असल्या वाढीव कामाचं वेगळं बिल करायचं असतं हे न्यू जर्सीत त्यांनीच इतरांना शिकवलं होतं. पण तिथे क्लायंट गोरा होता, इथे तो मेव्हण्याच्या ओळखीचा असतो.

त्यांना सगळ्यात कंटाळवाणी वाटते ती एएमसी. जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल, वर्षाचा करार, दर तिमाहीला ठरलेले पैसे. त्यात कसली आलीय मजा? पहिलं वर्ष ते फुकटच देऊन टाकतात. असे १४ करार आहेत आणि ते सांभाळणारी दोन मुलं कोपऱ्यात पंख्याखाली बसतात, कारण एसीखालची जागा ‘स्ट्रॅटेजिक’ लोकांसाठी आहे. या १४ करारांतून ऑफिसचं भाडं आणि निम्मे पगार निघतात. येतायतरावांना हे दोनदा सांगून झालंय. दोन्ही वेळा ते एका बँकेच्या मोठ्या टेंडरच्या तयारीत होते. त्यासाठी आठ माणसं आधीच घेऊन ठेवली होती, कारण ‘ऑर्डर आल्यावर माणसं शोधायची का?’ ऑर्डर दुसऱ्याला गेली. आठ जण पाच महिने बसून होते. त्यांनी त्या वेळात ऑफिसची क्रिकेट टीम उत्तम बांधली.

दूरदृष्टी नाही, असा आरोप मात्र त्यांच्यावर कोणी करू नये. केबिनमधल्या पांढऱ्या फळ्यावर पूर्वी ‘व्हिजन २०२० : १०० कोटी’ असं लिहिलेलं होतं. ते चुकून पर्मनंट मार्करने लिहिलं गेलं, त्यामुळे पुसता येईना. २०२० उलटून गेल्यावर त्यांनी २ चा ३ केला. शंभर कोटी तसेच ठेवले. या आकड्यामागे एक्सेलची फाइल आहे. पहिल्या चौकोनात यंदाची उलाढाल, दुसऱ्यात तिच्या दुप्पट, आणि मग कोपरा पकडून उजवीकडे ओढायचं. जितकं ओढाल तितकी कंपनी वाढते. सीएने एकदा साधा कागद मागितला होता. पुढच्या १३ आठवड्यांत कुठल्या आठवड्यात किती येणार, किती जाणार, एवढंच लिहायचं. येतायतराव म्हणाले, “इतकं छोटं बघायची सवय नाही रे मला.” २०३० त्यांना लख्ख दिसतं. दिसत नाही ती येती २० तारीख.

कंपनीतला पहिला मुलगा ११ वर्षांनी नोकरी सोडून निघाला, तेव्हा त्यांनी त्याला घड्याळ दिलं, भाषण केलं आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी ग्रॅच्युइटीचा कागद समोर आला. शेवटचा मूळ पगार ५२ हजार. त्याला २६ ने भागून १५ ने गुणा, ३० हजार. गुणिले ११ वर्षं. ३ लाख ३० हजार. येतायतरावांचा समज असा की ग्रॅच्युइटी म्हणजे कृतज्ञता, आणि ती तर घड्याळातून व्यक्त झाली. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीला पाच वर्षं टिकलेल्या माणसाला ती द्यावीच लागते, आणि कंपनीत अशी पाच वर्षं ओलांडलेली अजून नऊ माणसं आहेत, हे ऐकून ते एका एका खुर्चीकडे संशयाने पाहू लागले. त्या नऊ जणांना वाटलं कामाचं मूल्यमापन चाललंय. आठवडाभर काम मात्र चोख झालं.

याच पुण्यात केपीआयटी ही सॉफ्टवेअर कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांतले रवी पंडित आणि किशोर पाटील हे दोघंही चार्टर्ड अकाउंटंट. हे सांगितलं की येतायतराव म्हणतात, “म्हणूनच! त्यांना फुकटात सीए मिळाला.”

त्या गाजलेल्या मार्चनंतर सीएने एकच अट घातली, हिशोबाला माणूस मी देतो तो ठेवायचा. तशा काकू आल्या. काकूंनी आधीची नोकरी एका पतसंस्थेत केली होती आणि ती पतसंस्था बुडताना आतून पाहिली होती. त्यामुळे ‘येतायत’ या शब्दाचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. “आले की सांगा, सर,” असं म्हणून त्या पुन्हा टॅलीत डोकं घालतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी दुसऱ्या बँकेत कंपनीचं आणखी एक खातं उघडलं आणि त्याला ‘सरकारी’ म्हणायला सुरुवात केली. कुठलेही पैसे आले की त्यातला जीएसटी त्याच दिवशी तिकडे जातो. त्या खात्याचा पासवर्ड येतायतरावांनी दोनदा मागितला. दोन्ही वेळा काकूंना तो आठवला नाही. अर्धवट कामाचं बिल काढायला त्या सरळ नकार देतात. एएमसीवाल्या दोन मुलांना त्यांनी एसीखाली आणून बसवलं आणि पहिल्या वर्षाची फुकट देखभाल बंद केली. ९० दिवस झालेल्या बाकीदारांना त्या स्वतः फोन करतात. आवाज चढवत नाहीत, फक्त रोज करतात. त्यांचा फोन नको म्हणून पैसे देणाऱ्या किमान दोन कंपन्या मला ठाऊक आहेत.

येतायतरावांशी त्यांचं भांडण असं कधी होत नाही. त्या कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, “सर, सही.” येतायतराव विचारतात, “कुठे?” कशावर, असं त्यांनी आजवर कधी विचारलेलं नाही.

या सह्यांमध्ये गेली काही वर्षं एक कागद दर महिन्याला असतो. जमा झालेल्या प्रत्येक रकमेतले पाच टक्के मुदतठेवीत टाकण्याचा. हे काकू, सीए आणि वहिनी या तिघांनी मिळून ठरवलेलं आहे. वहिनी कंपनीच्या दुसऱ्या संचालक असल्याने त्यांचीही सही लागते, आणि त्या वाचून करतात. चोरून काही नाही. ताळेबंदात ती रक्कम दर वर्षी छापलेली असते आणि त्या ताळेबंदावर येतायतरावांची ठसठशीत सही असते. आजच्या घडीला २३ माणसांचे चार महिन्यांचे पगार तिथे पडून आहेत. मध्यंतरी चाकणच्या क्लायंटने पुन्हा पाच महिने पैसे अडवले, तेव्हा कंपनीत एकाचाही पगार एक दिवस उशिरा झाला नाही. “बघितलंस? मी म्हणत होतो ना, येतायत!” असं येतायतराव सीएला म्हणाले. सीएने मान डोलावली.

तुमच्यापैकी कोणी त्यांना ओळखत असाल, आणि ओळखत असणारच, तर एक विनंती आहे. त्या मुदतठेवीचं त्यांच्याजवळ बोलू नका. त्यांनी बाणेरला दुप्पट मोठं ऑफिस बघून ठेवलंय आणि दसरा महिन्यावर आलाय.